मदत हवी आहे: एक्झेम्प्ट असूनही पगार कापला (डॅलस, टेक्सस)

मी डॅलसमध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे. पगार वार्षिक, ओव्हरटाइम नाही, ऑफर लेटरमध्ये 'एक्झेम्प्ट' (म्हणजे ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलेली) असं स्पष्ट लिहिलंय. माझी पीटीओ (पगारी रजा) शिल्लक शून्य आहे, हे आधीच सांगते.

रस्त्यांवर बर्फ गोठला म्हणून कंपनीनेच ऑफिस दोन दिवस बंद ठेवलं. उरलेले तीन दिवस मी पूर्ण काम केलं. त्याच पंधरवड्यात मुलाला डॉक्टरकडे न्यायला एकदा तीन तास लवकर निघाले. पे-स्टबवर दोन दिवस आणि तीन तास, दोन्ही कापलेले!

अमेरिकेच्या कामगार खात्याचा २९ सीएफआर ५४१.६०२ हा नियम वाचला. कंपनीने स्वतःहून ऑफिस बंद ठेवलं आणि आपण कामाला तयार होतो, तर त्या आठवड्याचा पगार पूर्ण द्यावा लागतो. अर्ध्या दिवसाच्या खाजगी कामासाठी पीटीओ वजा करता येते, पगार नाही. एफएमएलए रजा (कुटुंबासाठी किंवा आजारपणासाठी कायद्याने मिळणारी विनावेतन रजा) घेतली असती तर तासांचे कापता आले असते, पण मी ती घेतलेली नाही.

एचआरला हे ईमेलने कळवलं. उत्तर एका ओळीचं: "पीटीओ नसेल तर विनावेतन, हीच पॉलिसी आहे." हँडबुकमध्ये मला तसं काही सापडलं नाही. घरून काम करायची तयारी मी त्याच दिवशी टीम्सवर लिहून कळवली होती, स्क्रीनशॉट आहे.

नोकरी सोडायची नाही, ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू आहे. कामगार खात्याच्या वेज अँड आवर डिव्हिजनकडे (पगाराच्या तक्रारी पाहणारा विभाग) कोणी अशी तक्रार केली आहे का? एच-१बीवाल्यांनी डब्ल्यूएच-४ हा एच-१बी तक्रारीचा फॉर्मच भरायचा, की आधी फोन केलेला बरा? आणि तक्रारदाराचं नाव कंपनीला कळतं का?