कंटिन्यूइटी : सातत्य, संगती की सारवासारव?

प्रश्न :
'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेवर लिहिते आहे. खलपात्रं पुन्हा पुन्हा परततात आणि दर वेळी त्यांची आधीची हकिगत जराशी बदललेली असते, असा विषय. 'कंटिन्यूइटी'ला मी 'सातत्य' लिहिलं, पण वाचताना मालिका अगदी वक्तशीर असल्यासारखी वाटते. आणि 'रेटकॉन'ला, म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट नंतर मागे जाऊन बदलण्याला, काय म्हणावं? जाणकारांनी सुचवावं.

उत्तर :
ताई, सातत्य नकोच. सातत्य म्हणजे खंड न पडणं. ही मालिका १९६३मध्ये सुरू झाली, १९८९मध्ये थांबली, मध्ये १९९६चा एक टीव्हीपट, मग थेट २००५. म्हणजे सातत्य तर केव्हाच तुटलं. तुम्हाला म्हणायचंय ते वेगळं : आधी सांगितलेलं आणि नंतर सांगितलेलं एकमेकांशी जुळणं. त्याला 'पूर्वापर संगती' हा शब्द आहे. 'पूर्वापर' म्हणजे आधीचं आणि नंतरचं. 'पूर्वापार' म्हणजे फार जुन्या काळापासून. एका कान्याचा फरक, पण छापील मजकुरातही सर्रास घोळ होतो. तुमच्या लेखात तो काना घातलात तर अर्थ नेमका उलटा होईल, कारण या मालिकेत पूर्वापार चालत आलेलं असं फारसं काही टिकतच नाही!

आणखी एक उत्तर :
शूटिंगच्या सेटवर मात्र 'कंटिन्यूटी'च म्हणतात. आधीच्या शॉटमध्ये हिरव्या बांगड्या होत्या, या शॉटमध्ये लाल कशा, ही ती कंटिन्यूटी. तिला 'संगती' म्हटलंत तर सहायक दिग्दर्शक तोंडाकडे बघत राहील. कथानकापुरतं संगती ठीक.

पहिले उत्तरकर्ते पुन्हा :
मान्य. आता रेटकॉन. सरकारी मराठीत 'पूर्वलक्षी प्रभावाने' आहे, थकबाकीसकट वेतनवाढ मिळते ती. रेटकॉनही तसाच : नियम आज केला, लागू कालपासून. डालेक ही या मालिकेतली खलजमात. टेरी नेशन या लेखकाने १९६३-६४च्या कथेत तिचे पूर्वज 'डाल' म्हणून सांगितले होते. १९७५मध्ये त्याच लेखकाने ते 'कालेड' केले आणि डाव्हरॉस नावाचा निर्माता आणून बसवला. कालेडमधले क आणि ड यांनी जागा बदलल्या की डालेक! डालांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही, कारण डाव्हरॉस इतका जमला की जुनी गोष्टच परकी वाटू लागली. याला मी 'पूर्वलक्षी बदल' म्हणेन.

पण अटलांटिस घ्या. १९६७, १९७१ आणि १९७२ अशा तीन कथांत त्याच्या नाशाची तीन वेगळी कारणं. इथे कुणी काही बदललेलं नाही, मागचं बघितलंच नाही. ही साधी विसंगती. ती झाकायला चाहते जे स्पष्टीकरण रचतात, ती सारवासारव. भेगांवरून शेणाचा हात फिरवायचा, भिंत मात्र तीच.

प्रश्नकर्ती :
हे तिन्ही वेगळे वापरता येतील, छान. मग परतणाऱ्या खलनायकाला 'रक्तबीज' म्हणू का?

उत्तर :
नको. रक्तबीज एकाचा अनेक होतो. डालेकांचं उलट आहे. १९६७मध्ये त्यांचा शेवट दाखवला, कारण नेशनला ते घेऊन अमेरिकन टीव्हीवर जायचं होतं. ते जमलं नाही आणि १९७२मध्ये डालेक परत हजर. हक्कांचा व्यवहार हे खरं कारण. पुराणातली उपमा कशाला? २००५मध्ये तर एकच डालेक उरला होता, साखळदंडांत, आणि त्या एकट्याचीच भीती जास्त वाटली.

मास्टर या दुसऱ्या खलनायकासाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे. ती भूमिका करणारे रॉजर डेलगाडो १९७३मध्ये अपघातात गेले. १९७६मध्ये मास्टर आला तो सडत चाललेल्या देहात, बारा कायापालट, म्हणजे मरणाच्या दारात देहाला नवं रूप देणं, संपवून. ही बाराची मर्यादाही त्याच कथेत ठरली. २०१३मध्ये मालिकेचा नायक डॉक्टर याला कायापालटांचा नवा संच देऊन ती वाकवली. १९८१मध्ये मास्टरने ट्रेमास नावाच्या माणसाचं शरीर बळकावलं. हा 'कायापालट' नव्हे, 'परकायाप्रवेश'. डॉक्टरचा बदल कायापालट, कारण देह त्याचाच असतो. (हल्ली कायापालट फक्त बसस्थानकांचा होतो, पण शब्द वाया घालवू नका.) 'पुनर्जन्म' दोन्हींना चुकीचा, मधे मरणच पूर्ण होत नाही.

प्रश्नकर्ती :
शेवटची शंका. २०१४मध्ये मास्टर 'मिसी' होऊन आली. 'खलनायक परतला' लिहू की 'खलनायिका परतली'? पहिल्याने बाई हरवते, दुसऱ्याने आधीचा मास्टर.

उत्तर :
'खलपात्र परतलं' लिहा.