मदत हवी आहे : यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे गाव नक्की कुठलं?

आजोबा १९५० च्या दशकात लीड्सला शिकायला होते, त्यांच्या अल्बममधला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो ओळखायचाय. खाली फक्त "व्हिटबीजवळ" असं मोडीत लिहिलंय. फोटोत समुद्राकडे उतरणारी अरुंद फरशीची गल्ली, टोकाला वर ओढून ठेवलेल्या कोबल होड्या (तिकडच्या पारंपरिक मासेमारी होड्या), आणि एका दारात झालरीची सुती टोपी घातलेली म्हातारी बाई बसलीये, मांडीवर विणकाम दिसतंय.

भिंग लावून होडीवरची अक्षरं वाचली तर डब्ल्यू वाय, म्हणजे व्हिटबीची नोंदणी. पण त्याने काही ठरत नाही कारण आसपासच्या गावातल्या होड्यांनाही तीच अक्षरं असायची. टोपीवरून मला स्टेद्झ (Staithes) गाव वाटतं, तिथल्या कोळणींच्या टोप्या प्रसिद्धच आहेत, पण गल्लीचा उतार बघितला की रॉबिन हूड्स बे हे गावसुद्धा वाटतं.

गूगलवर इमेज सर्च केलं, सगळे आजचे टुरिस्ट फोटो येतात. स्ट्रीट व्ह्यू त्या बारक्या गल्ल्यांमधे जातच नाही. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवरचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) नकाशेही पाहिले, दोन्हीकडे असे उतार ढिगाने. फोटो पानाला डिंकाने चिकटलाय, मागची बाजू बघता येत नाही, आणि तो सोडवायची रिस्क मला घ्यायची नाहीये. हाय रेझोल्यूशन स्कॅन आहे, मागाल त्याला पाठवते.

यॉर्कशरमधे राहणारं किंवा तिकडे हिंडलेलं कोणी आहे का इथे? ही दोन गावं फोटोवरून वेगळी ओळखायची तर होड्यांच्या मागे नेमकं काय शोधू?