दमून आल्यावर टीव्हीवर काय लावता? (खून, कोर्ट, कटकारस्थान सोडून)

मार्च_एंड

बँकेत आहे, आयडीवरून कळलंच असेल. परवा साडेनऊला घरी पोचले, नवरा आणि लेक जेवून आडवे व्हायच्या तयारीत. मी ताट घेऊन सोफ्यावर बसले आणि ऑफिसात सगळ्यांनी बघच बघच करून डोकं खाल्लेली एक सिरीज लावली. पहिल्या वीस मिनिटांत दोन प्रेतं, अंधारात कुजबुजणारे पोलीस, सबटायटलसाठी चष्मा शोधा आणि वर कोण कोणाचा मेव्हणा ते लक्षात ठेवा. अहो दिवसभर मी तेच करते, कोणाची सही कुठे जुळत नाही ते बघते! बंद केलं आणि श्रीयुत गंगाधर टिपरे लावलं.

आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. पाच माणसं, एक घर, आणि भानगड असून असून केवढी असणार. 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला शिऱ्याचं सगळं बरोबर वाटायचं. आता श्यामलाचं पटतं. आणखी पंधरा वर्षांनी आबांचं पटेल. (प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, हे कळल्यावर मी जरा वेळ गप्पच बसले होते.) शेवटी आबा डायरी लिहायला बसले की माझाही दिवस संपला असं वाटतं, आणि मी ताट सिंकमध्ये ठेवून झोपते, घासत नाही, हेही सांगून टाकते.

तर तुम्ही काय लावता? चांगलं काय ते नकोय, चांगलं बघायला रविवार आहे. डोकं बंद पडलेलं असताना काय लावता ते सांगा.

रुळावरचा

हसू नका. मी कोकण रेल्वेचे खिडकीतून काढलेले व्हिडिओ लावतो. यूट्यूबवर ढीगभर आहेत, कोणीतरी मोबाईल खिडकीला टेकवून बसलेला असतो, निवेदन नाही, गाणं नाही, फक्त खडखड आणि मधेच चायवाला. दिवसभर फोनवर लोकांना वसुलीची आठवण करून द्यायचं काम आहे माझं, संध्याकाळी कोणी माझ्याशी बोलू नये आणि मी कोणाशी बोलू नये एवढीच अपेक्षा. चिपळूणपासून लावतो. सावर्डा, आरवली, संगमेश्वर, हिरवंगार, एखादी म्हैस. मग उक्षी गेलं की कारबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटर, सगळा स्क्रीन काळा आणि एकसुरी आवाज. तिथे मी झोपतो. दोन वर्षं हे चाललंय, व्हिडिओतलं रत्नागिरी स्टेशन मी अजून पाहिलेलं नाही.

ऑस्लोकर

@रुळावरचा, तुम्ही नॉर्वेत जन्मायला हवं होतं. इथल्या सरकारी चॅनलने 2009 मध्ये बर्गन ते ऑस्लो रेल्वेला शंभर वर्षं झाली म्हणून अख्खा प्रवास टीव्हीवर दाखवला, सव्वासात तास, आणि लाखो लोकांनी तो बघितला, देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पन्नास लाख. मार्गावर 182 बोगदे आहेत, बोगदा आला की ते मधे जुनी फिल्म नाहीतर मुलाखत दाखवायचे. नंतर 2011 मध्ये किनाऱ्याने जाणारी बोट दाखवली, ती 134 तास. मी इथे आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार व्हायचा, ओळखीचं कोणी नाही, तेव्हा शनिवारी हा रेल्वेवाला प्रोग्रॅम लावून बटाटे सोलत बसायचो. घरात कोणीतरी प्रवासाला निघालंय असं वाटायचं.

रुळावरचा

बोगद्यात फिल्म दाखवली तर माणसाने झोपायचं कधी?

सेक्रेटरी_बी_विंग

तारक मेहता. माहितीये, आता त्यात काही राहिलं नाही वगैरे म्हणणार तुम्ही, मीही म्हणतो, 2008 पासून चाललंय, चार हजारांवर एपिसोड झालेत, पाणी घातलेलं वरण झालंय. पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, बिनपगारी, आणि मला आत्माराम तुकाराम भिडे बघायचे असतात. गेल्या महिन्यात आमची वार्षिक सभा झाली. लीकेज, टँकर, पार्किंगमधली कुणाची तरी सहा वर्षं न हललेली मारुती, आणि हिशेब वाचायला लागलो तर एक गृहस्थ म्हणाले चहा कुठाय. साडेअकराला घरी आलो, बायको काही बोलली नाही, तिने नुसतं टीव्ही लावून दिला. भिडे त्यांच्या सखाराम स्कूटरवरून येतायत आणि खाली सगळे वाट बघत उभेत. माणूस शिकवण्या घेतो, बायको लोणची-पापड विकते, आणि तरी सोसायटीचं सगळं याच्याच डोक्यावर. मला रडू यायचं बाकी होतं. त्यातला खोटेपणा एकच, शेवटी सगळे एकत्र जमतात आणि मिटतं.

पेठेतला_बोका

सेक्रेटरी काका, मेंटेनन्स लोक भरतात का गोकुळधाममध्ये वेळेवर? 😄

सेक्रेटरी_बी_विंग

भिडे महिनाभर त्याच्याच मागे असतात. म्हणून तर आवडतं.

नाईटड्युटी_सिस्टर

माझी रात्र सकाळी नऊला होते. वॉर्डमधून सुटून बसने घरी, अंघोळ, आईने झाकून ठेवलेले पोहे, आणि मग मिडनाइट डायनर. जपानी आहे, एका गल्लीतलं छोटंसं खानावळवजा दुकान, रात्री बाराला उघडतं आणि सकाळी सातला बंद होतं, म्हणजे अगदी माझ्या ड्युटीसारखं. मालकाला सगळे मास्टर म्हणतात. भिंतीवर मेनूत पदार्थ एकच, पोर्क घातलेलं मिसो सूप, पण गिऱ्हाईक जे मागेल ते सामान असेल तर तो करून देतो. कोणाला ऑम्लेट-राईस हवा असतो, कोणाला गरम भातावर नुसतं लोणी. टॅक्सीवाले येतात, कलाकार येतात, प्रेमभंग झालेले येतात, आणि मास्टर बहुतेक वेळा गप्प. त्याच्या डोळ्यावर भलामोठा व्रण आहे, तो कसा आला कोणी विचारत नाही. मला ते फार आवडतं, कारण आमच्याकडे रात्रभर प्रत्येकाला विचारावंच लागतं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, घरचं कोण आहे सोबत.

पंचवीसेक मिनिटांचा भाग असतो, शेवटी तो पदार्थ कसा करायचा तेही सांगतात. आई परवा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अगं सकाळी सकाळी हे काय दारूचं दुकान बघतेस. पण बसली. पूर्ण बघितला. मग म्हणाली तो भात बरा दिसत होता.

अर्धा_कप

मी इथे उलट बोलणार आहे, सॉरी. कॉमेडीने माझा शीण जात नाही, मागून येणारा तो हसण्याचा आवाज तर डोक्यातच जातो. पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवते, म्हणजे दिवसभर हसण्याओरडण्यातच असते, संध्याकाळी कान बधिर. मला लागतो बॉब रॉस. केसांचा मोठा टोप वाटावा असा तो अमेरिकन चित्रकार, 1983 ते 1994, चारशेहून जास्त एपिसोड, प्रत्येकात अर्ध्या तासाच्या आत एक पूर्ण निसर्गचित्र. मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही आणि धरणारही नाही. तो हळू आवाजात सांगतो की इथे एक झाड लावू, त्याला एकटं वाटायला नको म्हणून शेजारी दुसरं लावू, आणि खरंच लावतो. हा माणूस आधी वीस वर्षं अमेरिकेच्या हवाई दलात होता, अलास्कात, ज्युनिअर लोकांवर ओरडणं हेच काम, आणि नोकरी सोडताना त्याने ठरवलं की पुन्हा कोणावर ओरडायचं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी सातवी ब वर तीनदा ओरडले होते.

लेस्टरची_लेक

ब्रिटिश बेक ऑफ!! इथे शरद ऋतूत मंगळवारी रात्री आठला लागतो, आणि मी गोडाऊनमधून येऊन बूटसुद्धा न काढता बसते. हिरव्या लॉनवर पांढरा तंबू, आत साधी माणसं, कोणी नर्स, कोणी निवृत्त, कोणी विद्यार्थी, केक करतायत. बक्षीस काय तर केक ठेवायचा स्टँड आणि फुलं, पैसे नाहीतच. एकाचा केक ढासळायला लागला की शेजारचा आपलं सोडून धरायला धावतो. मोठ्यात मोठा राडा झाला 2014 मध्ये, कुणाचं तरी आइस्क्रीम वितळलं आणि त्याने रागाने अख्खा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यावरून इथे पेपरात चर्चा, बीबीसीकडे शेकड्यांनी तक्रारी! मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली एवढंच? आमच्या सिरियलीत तर कालच सुनेला जिन्यावरून ढकललंय.

सूनबाई_एकदाच

जिन्यावरून आठवलं. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा सासूबाईंच्या सिरियली, आणि मी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघरातून फक्त ते ढँण ढँण ढँण ऐकायचं. एकदा मला अगदीच असह्य झालं तेव्हा मी म्हटलं, आई, आज मी लावते, सासू-सुनेचंच लावते. आणि तू तू मैं मैं लावलं. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगांवकर सून, आणि दिग्दर्शन सचिनचं, म्हणजे खऱ्या नवऱ्याने बायकोला सासुरवास लावून दिलेला. सासूबाई आधी हूं करून बसल्या. मग रीमाताईंनी एक टोमणा मारला आणि या माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की मला कळेना आपण हसायचं का रागवायचं. आता आठवड्यातून दोन दिवस आमचं ते ठरलेलं आहे. त्या दोन दिवशी भाजी त्या निवडतात, मी नाही. उरलेले पाच दिवस ढँण ढँण आहेच.

पेठेतला_बोका

पंचायत. पण सावध करतो, दुसऱ्या सीझनचा आठवा भाग रात्री बघू नका. अख्खी सिरीज दुधी, चप्पल, टंकी यावर चाललेली असते, माणूस निर्धास्त होतो, आणि मग प्रल्हादचाचांच्या बाबतीत जे होतं ते होतं. मी दरवेळी सातव्यावर थांबतो. माझ्या फुलेऱ्यात सगळे अजून हसतायत.

तळमजला

बरेच दिवस नुसती वाचत होते इथे, आज लिहिते. बाबा माझ्याकडे असतात, वय 81. विसरायला होतं. मी शाळेच्या ऑफिसात आहे, घरी आले की सांभाळायला येणाऱ्या मावशी जातात आणि पुढचं सगळं माझं, औषधं, जेवण, 'आपण घरी कधी जायचं' याचं उत्तर. आठ वाजता मी हास्यजत्रा लावते, यूट्यूबवरची जुनी स्किट्स. आमची ठरलेली सहा-सात आहेत, समीर चौघुलेची दोन, नम्रताची एक, आणि गौरव मोरे असलेली बाकी. मला पाठ झालीयेत. बाबांना ती रोज नवीन असतात, रोज तेवढंच हसतात, डोळे पुसतात, म्हणतात कुठून शोधलंस गं हे. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं, मग सवय झाली, मग मीही हसायला लागले, स्किटला नाही, त्यांच्याकडे बघून.

हल्ली एक लक्षात आलंय. फिल्टरपाड्याचा बच्चन, म्हणजे गौरव मोरे, स्टेजवर यायच्या चार-पाच सेकंद आधीच ते हसायला लागतात. डॉक्टरांना सांगितलं नाही मी अजून.

नाईटड्युटी_सिस्टर

ताई, सांगा की त्यांना. चांगलंच आहे ते. आणि मावशींना आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत थांबायला सांगून बघा, तुम्हालाही झोप हवी.

जुना_अँटेना

माझं साराभाई. 2004 चं, स्टार वनवर लागायचं तेव्हा रूमवर आम्ही सहा जण आणि टीव्ही एक, चौदा इंची. आता एकटाच बघतो, माया मोनिशाला मिडल क्लास म्हणाली की माझ्या हातातल्या पोळीच्या लाडूकडे बघतो आणि खातो. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले, त्या रात्री जुन्या रूमवाल्यांचा ग्रुप बऱ्याच वर्षांनी जागा झाला, कोणीच काही लिहीना, सगळे नुसते इंद्रवदनच्या क्लिप्स टाकत राहिले दीड वाजेपर्यंत. माझे वडील ये जो है जिंदगी सांगायचे, 1984 चं, त्यात हाच माणूस दर भागात वेगळं सोंग घेऊन यायचा. म्हणजे एका माणसाने आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची संध्याकाळ काढून दिली.

मार्च_एंड

सगळं वाचलं. तळमजला ताई, तुमचं दोनदा वाचलं.

काल रात्री रुळावरचा यांचा उपाय करून बघितला. नवऱ्याला हौस, तोही बसला. बोगदा आला, मी झोपले, तो जागा. पानवलचा पूल आला म्हणून त्याने मला हलवून उठवायचा प्रयत्न केला म्हणे. मी डोळे उघडले तेव्हा कुडाळ होतं आणि तो सांगत होता की आपण मे महिन्यात खरंच जाऊया, तिकिटं आत्ताच बघतो. साडेअकरा वाजले होते. लॅपटॉप उघडला त्याने.

आज टिपरेच.