सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू असलेल्यानं शाळेची व्हॅन चालवावी का?

कळंबेकर
आमच्या भागातली पोरं शाळेला नेणारा एक व्हॅनवाला आहे. त्याला सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू आहेत हे एका पालकाला औषध दुकानात कळलं आणि ग्रुपवर नुसता दंगा, आजच्या आज बंद करा म्हणून. माणूस चांगला आहे, पोरगं गेटच्या आत गेल्याशिवाय गाडी हलवत नाही. पण माझं मत स्पष्ट आहे, प्रवासी वाहतूक करणाऱ्याची मानसिक तपासणी सक्तीची पाहिजे, आणि ती सायकियाट्रिस्टनंच करायला पाहिजे. आत्ता काय होतं? ट्रान्सपोर्टच्या लायसनला फॉर्म १ए लागतो, त्यावर डॉक्टर लिहून देतो की लांबची नजर, कान, हातपाय, सांधे यांच्याकडं खास लक्ष दिलं आणि माणूस फिट आहे. मनाकडं खास लक्ष दिलं असं कुठं लिहून द्यावं लागत नाही. नजर गेलेला माणूस आपण स्टिअरिंगवर बसवत नाही, मग भास होणारा कसा चालतो?

समुपदेशक_ताई
पहिली गोष्ट, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत हे दुकानातनं बाहेर आलंच कसं? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय, अपवाद मोजके आहेत आणि पालकांचा ग्रुप त्यात बसत नाही. दुसरं, मी ओपीडीत बसते म्हणून सांगते, गोळ्या चालू आहेत म्हणजे माणूस उपचार घेतोय. डिप्रेशनचा, चिंतेचा, झोप न येण्याचा पेशंट आणि भास होणारा पेशंट यांना तुम्ही एकाच ओळीत उभं केलंत. उद्या सक्ती झाली तर काय होईल माहीत आहे? ड्रायव्हर लोक आमच्या दारात पाऊल टाकणार नाहीत, बास. आजार तसाच राहील आणि गाडीही चालूच राहील.

गूळवाला
ताई, तुमचं ऐकायला बरं वाटतं पण स्वारगेट विसरला काय? २५ जानेवारी २०१२, एसटीचा चालक संतोष माने डेपोतनं बस घेऊन सुटला आणि पुण्याच्या रस्त्यावर नऊ माणसं मारली, तीसच्या वर जखमी. सोलापुरात सायकियाट्रिस्टकडं उपचार झाले होते हे कोर्टात पुढं आलं. डेपोला ते आधी कळायला नको होतं? माझ्या दोन गाड्या लाईनवर आहेत, उद्या काय झालं तर लोक मालकालाच धरणार.

समुपदेशक_ताई
विसरले नाही. पण त्याच केसमध्ये घटनेच्या वेळी तो वेडाच्या भरात होता हा बचाव कोर्टानं मानला नाही, आणि तरी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं फाशीची जन्मठेप केली. म्हणजे इतकी वर्षं, एवढे साक्षीपुरावे, तरी एका सरळ रेषेत उत्तर मिळालं नाही. आणि तुम्ही म्हणताय आरटीओच्या दारात दहा मिनिटांत ठरवा? ड्यूटी बदलून मागितली होती हेही त्याच केसमध्ये आलंय, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तवंदी_घाट
मी ट्रक चालवतो, माझंबी ऐका. हंगामात ऊस वाहणारी पोरं बघा, रात्रभर कारखान्याच्या नंबरात ट्रॅक्टरवरच बसून, दिवसा परत फडात, डोळं लाल झाल्यालं, ट्रॉलीला मागं लाईट न्हाई. त्यांना कुठला डॉक्टर तपासतोय? गोळी न घेता चार रात्री जागल्याला माणूस चालतोय आणि गोळी घेऊन आठ तास झोपल्याला चालत न्हाई, हा कुठला न्याय. आणि समजा डॉक्टर म्हणला तीन महिनं चालवू नको, तर घरात चूल कोण पेटवणार? गाडीचा हप्ता थांबतोय व्हय? ह्याचं उत्तर आधी द्या मग सक्तीचं बोला. न्हाईतर आम्ही लपवणारच, सरळ सांगतो.

कळंबेकर
दादा, झोपेचं तुमचं शंभर टक्के मान्य. पण एक चूक सुटते म्हणून दुसरीही सोडायची हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये काय करतात ते बघा. सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराचा झटका येऊन गेला की साध्या लायसनला साधारण तीन महिने तब्येत स्थिर पाहिजे, बस-लॉरीला बारा महिने. पेशंटनं स्वतः त्यांच्या लायसन ऑफिसला, डीव्हीएलएला कळवायचं, तो ऐकतच नसेल तर डॉक्टर कळवू शकतो. तिथं काय सगळे पेशंट पळून गेले?

समुपदेशक_ताई
तिथंही लपवतात. २०१४ ला ग्लासगोत कचऱ्याच्या लॉरीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बेशुद्ध पडला, सहा माणसं गेली. आधी चक्कर येऊन पडल्याचं त्यानं सांगितलंच नव्हतं. तो मनाचा आजार नव्हता, पण लपवण्याचं कारण तेच, नोकरी. मात्र तुमच्या उदाहरणातली एक गोष्ट मला मान्य आहे, तिथं आजाराचं नाव बघून आयुष्यभर बंदी घालत नाहीत, माणूस किती दिवस स्थिर आहे, गोळ्या वेळेवर घेतो का, आपल्याला बरं नाही हे त्याला स्वतःला कळतं का, हे बघतात. तसं मूल्यमापन असेल तर मी विरोध करणार नाही. सरसकट सक्तीला मात्र शेवटपर्यंत करेन.

गूळवाला
मग आपल्याकडं कायदा काय म्हणतो? नुसतं फॉर्मच आहेत का?

वकील_राजारामपुरी
आहे की कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६: आजारामुळं माणूस चालवायला लायक नाही असं मानायला सबळ कारण असेल तर आरटीओ लायसन रद्द करू शकतं किंवा मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं. कलम १८६: आपल्याला धोकादायक आजार आहे हे माहीत असून चालवलं तर दंड, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा हजार, पुढं दोन हजार. पण मानसिक आरोग्याचा कायदा हेही सांगतो की आजार आहे एवढ्यावरनं माणूस भ्रमिष्ट ठरत नाही. ग्रुपवर मतदान घेऊन कुणाचं पोट बंद करायची तरतूद कुठंच नाही.

कळंबेकर
हजार रुपये! त्यात कोण घाबरणार, म्हणून तर म्हणतो तपासणी पाहिजे. ट्रान्सपोर्टचं लायसन दर पाच वर्षांनी रिन्यू होतं, निदान तेव्हा तरी, आणि खर्च सरकारनं किंवा मालकानं करावा, ड्रायव्हरच्या माथी नको.

व्हॅनवाल्याच्या_शेजारची
त्या दादांच्या घरी मी रोज जाते. वहिनी रडत होत्या. गोळी रात्री जेवल्यावर घेतात आणि सकाळी साडेसहाला व्हॅन काढतात. चालवलेलं चालतं का म्हणून डॉक्टरला कधी विचारलंच नाही, डॉक्टरनीही विचारलं नाही तुम्ही काम काय करता.

समुपदेशक_ताई
हेच, ताई, हेच विचारायला पाहिजे होतं. झोपेच्या काही गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते. झोल्पिडेम ही तसलीच झोपेची गोळी, तिचा बायकांचा डोस अमेरिकेत २०१३ मध्ये निम्मा केला तो दुसऱ्या दिवशीच्या ड्रायव्हिंगसाठीच. क्लोनाझेपाम, चिंतेवर देतात ती गोळी, तर अंगात लई वेळ राहते, आणि डोस नवीन असताना, वाढवला असताना जास्त जपायचं, वर दारू तर अजिबात नको. पण मनानं गोळी बंद करू नका म्हणावं, तो त्याहून मोठा धोका. त्यांना सीपीआरच्या, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीला घेऊन या, सगळी पाकिटं आणि जुनी चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि शाळेची व्हॅन चालवतो हे पहिल्या वाक्यात सांगा. डॉक्टर बघतील गोळीची वेळ आधी घेता येते का, बदलता येते का. तोवर व्हॅन दुसरं कुणी चालवू दे.

कळंबेकर
तोवरचं मी बघतो, माझा चुलतभाऊ रिकामा आहे, लायसन-बॅज दोन्ही आहे. भाड्याचे पैसे व्हॅनवाल्यालाच मिळतील. पण डॉक्टरनी लेखी दिल्याशिवाय माझं पोरगं मी त्या व्हॅनमध्ये बसवणार नाही, हे ग्रुपवरही लिहितो.

तवंदी_घाट
लिहा. पर पैशाचंबी लिहा, म्हंजे बाकीच्यांनी त्याचं भाडं तोडायला नको.