मदत हवी आहे: किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’, सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतच नाही

मंडळी, मी इंदूरचा, राजेंद्रनगर. बाबांची जुनी डिझेल पिकअप आहे, पहाटे चोइथराम मंडीतून भाजी आणायला. गेला आठवडाभर किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच जोरदार ‘टक’ येतो, बस. धक्का मारला की मात्र लगेच सुरू! रोज धक्का मारायला माणसं कुठून आणू? शेजारचे काका आता मला पाहून गॅलरीतून आत जातात.

बॅटरीवर आधी संशय होता. पण मीटरवर १२.६ व्होल्ट, आणि किल्ली धरून ठेवली तरी १२.४. हेडलाइट मंद होत नाहीत. टर्मिनलवरची हिरवट पूड गरम पाण्यानं धुतली, इंजिनाला जम्पर केबलनं थेट अर्थिंग देऊन पाहिलं. फरक शून्य. सेल्फवर पान्याचे दोन हलके ठोके दिले तर कधीकधी फिरतो.

म्हणजे सेल्फच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजले, की सोलेनॉइडचे (बॅटरीचा करंट सेल्फला जोडणारा स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळले? मिस्त्री म्हणतो, अख्खा सेल्फच बदला. मला ते पटत नाही. सेल्फ न उतरवता, मीटर लावून या दोघांतला दोषी कोण ते कसं ओळखायचं? नुसते ब्रश बदलून कुणाचं काम भागलंय का?