'गँबिट'ला मराठीत काय म्हणावं?

सदाशिवपेठी: भाच्याचा बुद्धिबळ स्पर्धेतला एक डाव मुलांच्या हस्तलिखितासाठी मराठीत लिहितेय. १. डी४ डी५ २. सी४ इथंच अडले. 'क्वीन्स गँबिट'ला, म्हणजे सुरुवातीलाच वजिराच्या बाजूचं प्यादं देऊ करण्याला, मी 'वजिराच्या बाजूचा प्यादेबळी' लिहिलं. भाचा म्हणाला, "मावशी, बळी कसला? काळ्यानं ते प्यादं खाऊन धरून ठेवलं तर तोच अडकतो." पटावर मांडूनच दाखवलं: खाल्लं, मग ३. ई३ बी५ ४. ए४ सी६, बी५ वर मारामारी, आणि ६. वजीर एफ३. कोपऱ्यातला हत्ती थेट माऱ्यात! तो वाचवायचा तर दुसरा मोहरा जातो. मग 'बळी' चूकच ना?

तालीमवाला: शब्द मुळात इटालियन. 'गांबा' म्हणजे पाय, 'गांबेत्तो' म्हणजे पायात पाय घालून पाडणं. कुस्तीतली आपली टांगच की! 'वजिरी टांग' लिहा. आमचे वस्ताद सांगायचे, टांग लावणारा क्षणभर एकाच पायावर असतो. गँबिटमध्येही तसाच धोका असतो.

नदीकाठ: पण 'टांग दिली' म्हणजे ऐनवेळी दगा दिला, हाच अर्थ मुलांच्या डोक्यात येणार. 'आमिष' घ्या. 'आमिष स्वीकारलं', 'आमिष नाकारलं', दोन्ही प्रकार चपखल बसतात.

कर्वेनगर: शब्द घडवायचेच कशाला? एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री बुद्धिबळ स्पर्धा झाली, कोनेरू हंपी जिंकली. तेव्हापासून माझी नववीतली मुलगी रोज पट मांडते. 'गँबिट'ही म्हणते, 'शह'ही म्हणते. वजीर, प्यादं हे तरी फारसीतूनच आले ना?

नदीकाठ: आले, पण चारशे वर्षं तोंडात घोळून आले. कॅसलिंगला, म्हणजे राजा-हत्तीच्या जोडचालीला, 'किल्लेकोट' रुळलाच की. वापरलं तरच रुळतं.

जुनापट: मला वेगळंच खटकलं. भाचा प्यादं 'खाऊन' म्हणाला? आमच्या वाड्यात प्यादं 'मारायचे'. आजोबा जोर, म्हणजे पाठराखण, नसलेल्या मोहऱ्याला 'बिनजोर' म्हणत, आणि बिनजोर घोडा मारला की पटावर टक्कन आवाज करत. खातात ती सोंगटी.

तालीमवाला: सोंगटीही मारतातच! पट खेळताना 'सोंगटी मेली' असंच ऐकलंय.

सदाशिवपेठी: मथळ्यात काय लिहू तेवढं सांगा, उद्या पानं लावायचीत.

कर्वेनगर: आमच्याकडे 'उडवलं' म्हणायचे. हत्ती उडवला, घोडा उडवला. 'खाल्लं' मीही शाळेतच पहिल्यांदा ऐकलं.