भाजल्यामुळे पुतणीचा हात वर जात नाही. प्लॅस्टिक सर्जरीविषयी घरात मतभेद आहेत

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर)

नमस्कार. माझी पुतणी सात वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी उकळत्या आमटीचे पातेले कलंडून तिची उजवी काख, दंड आणि छातीची कड भाजली. जखम भरली, परंतु काखेत कातडीचा जाड, ताठ पट्टा तयार झाला आणि तेव्हापासून तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. फ्रॉक घालताना ती आधी उजवा हात बाहीत सरकवते आणि मग मान वाकवून डोके आत घालते. शाळेत फळ्यावरच्या वरच्या ओळीपर्यंत तिचा खडू पोहोचत नाही, म्हणून ती डाव्या हाताने लिहू लागली आहे.

डॉक्टरांनी प्लॅस्टिक सर्जरी सुचवली आणि घरात वाद सुरू झाला. आईला वाटते की अंगात प्लॅस्टिक बसवतील आणि ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकणार नाही. वहिनी म्हणते, लेकराला आणखी कापण्यापेक्षा माझी कातडी काढून तिला लावा. भाऊ यंत्रमागावर कामाला आहे. नट्यांनी नाक नीट करून घेण्यासाठीची ही महागडी चैन आपल्याला कशी परवडेल, असे तो विचारतो. नातेवाइकांचा सल्ला असा की लग्नाच्या वयात एकदाच शस्त्रक्रिया करावी, म्हणजे डागही पुरता निघून जाईल. यात खरे काय आणि चुकीचे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, रेल्वे लाईन्स)

मी अनेक वर्षे जळीत कक्षात काम केले आहे. तुमच्या घरातील प्रत्येक शंका मी त्या कक्षाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून ऐकलेली आहे, त्यामुळे या शंकांसाठी कोणालाही कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

सर्वांत आधी थांबण्याविषयी लिहिते, कारण खरे नुकसान त्यानेच होते. भाजलेल्या जागेची कातडी आकसते आणि निरोगी कातडीसारखी ताणली जात नाही. मूल वाढते, हाडे लांब होतात, पण तो पट्टा त्या गतीने वाढत नाही. म्हणून आज खांद्यापर्यंत जाणारा हात काही वर्षांनी त्याहूनही खाली अडू शकतो आणि सांधाही आखडू शकतो. व्रण मऊ होण्यास साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते, तोवर थांबण्यास डॉक्टर सांगतात हे खरे आहे, परंतु सांध्याची हालचाल अडत असेल तर तेवढेही थांबत नाहीत. तुमच्या पुतणीला तर दोन वर्षे झाली आहेत. लग्नाच्या वयापर्यंत थांबणे म्हणजे तिचे सारे बालपण एका हातावर काढणे आहे.

वहिनींचे म्हणणे वाचून मला भरून आले. कितीतरी आयांनी माझ्यासमोर आपला हात पुढे केला आहे. परंतु दुसऱ्याची कातडी, मग ती जन्मदात्या आईची का असेना, शरीर परकी मानते आणि काही आठवड्यांत नाकारते; केवळ एकसारख्या जुळ्यांमध्ये ती टिकते. फार मोठ्या भाजण्यात दात्याची कातडी लावतात, पण ती जखमेचे काही काळ संरक्षण करण्यापुरती असते. येथे मुलीचीच कातडी वापरावी लागेल. पट्टा मोकळा केल्यावर जवळची चांगली कातडी फिरवून बसवायची की मांडीवरचा पातळ थर काढून लावायचा, हे सर्जन तपासणी करून ठरवतील.

डाग पूर्ण जाईल, ही अपेक्षा मात्र आताच सोडावी. प्लॅस्टिक सर्जरीनेही व्रण उरतोच. तो कमी ताणाचा, कमी त्रासाचा आणि शक्यतो न दिसणाऱ्या जागी असावा एवढाच सर्जनचा प्रयत्न असतो. तुमच्या मुलीसाठी यश म्हणजे तिचा हात डोक्यावर जाणे. त्यातील मोठा वाटा शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांचा आहे. हात पसरलेल्या स्थितीत ठेवणारी पट्टी, रोजचा व्यायाम, तेलाने मालीश आणि सांगितल्यास घट्ट दाबाचे कपडे, हे सारे नियमाने करावे लागते. मूल रडते म्हणून घरचे पट्टी काढून ठेवतात आणि हात पुन्हा आखडतो, असे मी वारंवार पाहिले आहे. वाढीच्या वयात पुढे आणखी एखादी शस्त्रक्रिया लागू शकते, हेही आधीच ठाऊक असावे.

उत्तर २ (शिक्षक, जुळे सोलापूर)

आजींच्या शंकेचे मूळ शब्दात आहे. ‘प्लॅस्टिक’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ आकार देता येण्याजोगे, घडवता येण्याजोगे असा होतो. शस्त्रक्रियेच्या संदर्भात तो अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला, तर बेकेलाइट हे पहिले पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक १९०७ मध्ये तयार झाले. म्हणजे शस्त्रक्रियेचे नाव त्या पदार्थाहून जुने आहे.

आजींना आपल्याच मुलखातील एक घटनाही सांगावी. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले होते. पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले, आणि त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत त्याच्याही कितीतरी आधी सांगितलेली आहे. या सर्वांत वापरली गेली ती माणसाची स्वतःचीच कातडी.

उत्तर ३ (यंत्रमाग कामगार, पूर्व भाग)

दादा, तुमच्या भावाला माझ्या वतीने सांगा. माझ्या शेजारच्या मागावरील सोबत्याची बोटे पट्ट्यात सापडून तर्जनी तुटली होती. ती जोडणारे डॉक्टर प्लॅस्टिक सर्जनच होते. आमच्यापैकी कोणाला हे ठाऊक नव्हते आणि घाईत आम्ही ते बोट थेट बर्फात टाकणार होतो, पण फोनवरच्या डॉक्टरांनी अडवले. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि लगेच निघावे. बर्फ मांसाला लागला तर ते निकामी होते. मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे. दुभंगलेले ओठ, चेहऱ्याची तुटलेली हाडे, भाजलेले हात ही सारी याच डॉक्टरांची कामे आहेत.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. भाजल्यानंतरचे उपचार आणि प्लॅस्टिक सर्जरी हे विभाग त्या योजनेत आहेत. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि डॉक्टरांचे कागद घेऊन दाखल होण्यापूर्वीच त्यांना भेटावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी ही उत्तरे काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवली. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने शिधापत्रिका शोधून काढली. मंगळवारी आम्ही मुलीला घेऊन जाणार आहोत. आईची आता एकच शंका आहे: मांडीची कातडी काढली तर तेथे कायमची जखम राहील का?

उत्तर ४ (निवृत्त परिचारिका, रेल्वे लाईन्स)

राहणार नाही. वरचा पातळ थरच काढतात, त्यामुळे खाली उरलेल्या कातडीतून ती जागा साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरून येते. पहिले काही दिवस तेथेच अधिक दुखते, याची मुलीला आधी कल्पना द्यावी. पुढे वेगळ्या रंगाचा चौकोनी डाग राहतो आणि उन्हाने तो काळवंडतो, म्हणून वर्षभर ती जागा झाकलेली ठेवावी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तिच्या तोडीची पदवी आहे ना, हे मंगळवारी निःसंकोच विचारावे. आणि मुलीला सोबत बसवूनच सारे बोलणे करावे; सात वर्षांच्या मुलीला पट्टी कशासाठी बांधली आहे हे समजले, तर ती ती बांधू देते.